निवृत्त शिक्षकांचा सहाय्यनिधी: नव्या खजिनदाराचं पहिलं वर्ष

निवृत्त शिक्षकांच्या संस्थेने आपल्यातल्याच गरजू शिक्षकांना दरमहा काही रक्कम द्यायचं ठरवलं, की तिचा खजिनदार छोट्या पेन्शन फंडाचा व्यवस्थापकच होतो. चाळीस लाखांची ठेव आणि दहा-बारा लाभार्थी असले तरी काम तेच असतं: आज हाताशी असलेल्या पैशांतून पुढची वीस वर्षं, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, ठरलेली रक्कम जात राहिली पाहिजे. गोव्यात अशा संस्थेचे नव्याने खजिनदार किंवा सहखजिनदार झालेल्यांसाठी हे लिहिलं आहे.

नवा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो 'कुठली बँक जास्त व्याज देते?' हा. तो प्रश्न चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बाजूला ठेवा. संस्थेने कोणाला, किती आणि कुठवर द्यायचं कबूल केलं आहे, हे आधी कागदावर आणा. ते स्पष्ट झालं की ठेवींची रचना जवळजवळ आपोआप ठरते.

ताबा घेताना

ताबा तोंडी घेऊ नका. नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली, संस्थेचं पॅन कार्ड, इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, पावती पुस्तकं (वापरलेली आणि कोरी, क्रमांकांसह), चेकबुकं, पासबुकं, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या आणि मागच्या पाच वर्षांचे ऑडिट अहवाल यांची यादी करा. तिच्यावर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि अध्यक्षांची सही घ्या.

मग प्रत्येक बँकेला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र देऊन ३१ मार्चची आणि ताबा घेतल्या दिवसाची शिल्लक लेखी मागा. त्यात बचत खातं, प्रत्येक मुदत ठेवीचा क्रमांक, मुद्दल, दर, मुदत संपण्याची तारीख आणि ठेवीवर काही कर्ज किंवा बोजा आहे का, हे सगळं यायला हवं. फाईलमधल्या झेरॉक्सवर विसंबू नका. मोडलेल्या ठेवीची झेरॉक्सही फाईलमध्ये तशीच राहिलेली असते, आणि ठेवीवर काढलेलं कर्ज पावतीकडे नुसतं बघून समजत नाही.

सह्यांचे अधिकार बदलायला वेळ लागतो, म्हणून ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. बँकेला कार्यकारिणीच्या ठरावाची खरी नक्कल, नव्या-जुन्या सह्या, आधार, पॅन आणि फोटो लागतात. ठरावात 'तिघांपैकी कोणतेही दोन' असं स्पष्ट लिहा. 'अध्यक्ष आणि खजिनदार' असं लिहून ठेवलं आणि त्यातला एकजण गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखल झाला, की महिन्याचं वाटप अडतं. याच वेळी खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक बदलून घ्या. जुन्या खजिनदाराचा नंबर राहिला आणि तो मुलाकडे पुण्या-बंगळुरूला राहायला गेला, तर प्रत्येक ओटीपीसाठी फोन करावा लागतो. तो हयात नसेल तर नेट बँकिंगच बंद पडतं. दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं कोणी न विचारलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग होते. ती परत मिळते, पण कागदपत्रांचे हेलपाटे घालावे लागतात. जुन्या संस्थेचं असं एखादं विसरलेलं खातं असू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर संस्थेच्या नावाने शोधून पाहा.

कोणाच्या मागे कुठली पेन्शन आहे

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. 'निवृत्त शिक्षक' या एका शब्दाखाली गोव्यात किमान चार वेगवेगळ्या परिस्थितींतली माणसं येतात, आणि त्यांची गरज एकसारखी नसते.

पहिले, ५ ऑगस्ट २००५ च्या आधी सरकारी किंवा अनुदानित शाळेत कायम झालेले. त्यांना केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या (जे जास्त असेल त्याच्या) निम्मं वेतन, वर महागाई भत्ता असं मिळतं. त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. दुसरे, त्या तारखेनंतर लागलेले. ते एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आहेत. निवृत्त होताना जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्के विमा कंपनीकडून वर्षासन (ॲन्युइटी) घेण्यात जातात, आणि त्या वर्षासनाला महागाई भत्ता नसतो. उशिरा नोकरीला लागून बारा-पंधरा वर्षांत निवृत्त झालेल्या शिक्षिकेचं वर्षासन अगदी तुटपुंजं निघतं. तिसरे, विनाअनुदानित शाळांतले. त्यांच्यामागे भविष्यनिर्वाह निधीची ईपीएस-९५ योजना असते. तिचं गणित सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये. म्हणजे बारा वर्षं नोकरी केलेल्याला १५,००० × १२ ÷ ७० = महिन्याला २,५७१ रुपये. पगार कमी दाखवला असेल तर त्याहूनही कमी, तरी योजनेने ठरवलेल्या किमान १,००० रुपयांपर्यंत. चौथे, काहीच नसलेले: बालवाडीच्या बाई, तासिका तत्त्वावरचे, कंत्राटावर वर्षानुवर्षं काढलेले.

तेव्हा सभासद नोंदवहीत नाव-पत्त्यासोबत शाळेचा प्रकार, रुजू होण्याची आणि निवृत्तीची तारीख, पेन्शनचा प्रकार, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) किंवा यूएएन (भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा) क्रमांक, जोडीदाराचं नाव व जन्मतारीख, बँक खातं आणि अडीनडीला संपर्क करायच्या दोन माणसांचे फोन हे रकाने हवेतच. आधारची पूर्ण प्रत जपून ठेवायची गरज नाही. शेवटचे चार अंक दिसणारी पुरते.

नोंदवही भरतानाच बरीच मदत करून होते, कारण हक्काचे पैसे अडकून पडलेले सापडतात. या जागा आवर्जून तपासा.

कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं आहे का? पेन्शनधारक गेल्यावर जोडीदाराला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. पण गेलेला शिक्षक हयात असता तर ६७ वर्षांचा होईपर्यंत, किंवा मृत्यूपासून सात वर्षं, यांतलं जे आधी संपेल तोपर्यंत, वाढीव दराने ५० टक्के मिळतात. हे माहीत नसलेली कुटुंबं असतात. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के. ही वाढ कुटुंब पेन्शनधारकालाही लागू आहे. ती न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पीपीओवर जोडीदाराची जन्मतारीखच नसणं. आपल्याकडे लग्नानंतर बाईंचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती, त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव, सेवापुस्तकात दुसरं आणि बँकेत तिसरं असं होतं. मुलीला घेऊन बाई लेखा संचालनालयात जातात आणि नाव जुळत नाही म्हणून परत येतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार करून दिलं, तर ही फेरी वाचते.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा भाग विकलेला असेल (कमाल ४० टक्के), तर तो पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. साठीला निवृत्त झालेल्यांची पंच्याहत्तरी आली की पेन्शन स्लिप मागून बघा. ईपीएसवाल्यांत जुन्या शाळेचं खातं एका नंबरावर आणि नव्या शाळेचं दुसऱ्यावर, असं सर्रास दिसतं. दोन्ही सेवा जोडल्या नाहीत तर दहा वर्षं भरत नाहीत आणि पेन्शनच बसत नाही. ती जोडून दिल्याने एखाद्याला आयुष्यभर महिन्याला दीड-दोन हजार मिळू लागले, तर तेवढे देण्यासाठी आपल्या निधीला पाच लाखांची ठेव बाजूला काढावी लागली असती.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांची दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पात्रता बघा. ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये मिळतात. आजारपणासाठी दीनदयाल स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का, त्याचं नूतनीकरण झालं आहे का, हेही विचारा. त्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. सरकारी वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळणाऱ्यांना ते नाही, पण विनाअनुदानित शाळेतले बहुतेकजण त्यात बसतात. दयानंद योजनेला उत्पन्नाची अट आहे, म्हणून आपली दरमहाची रक्कम सुरू करण्याआधी तिच्यामुळे सरकारी मदत जाणार नाही ना, याची समाजकल्याण खात्यात चौकशी करा.

नियमावलीत काय लिहावं, काय लिहू नये

'दरमहा इतके भरा, सत्तरीनंतर महिन्याला इतके मिळतील' असं वाक्य नियमावलीत किंवा पत्रकात असेल तर ते ताबडतोब काढायला लावा. परतफेडीचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे घेणं हे २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, आणि त्याची जबाबदारी पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः येते. सुरक्षित रचना अशी: सभासदाची वर्गणी परत न मिळणारी, निधीतून मिळते ती मदत, हक्काचं निवृत्तिवेतन नव्हे, मदतीची रक्कम दरवर्षी शिलकीनुसार कार्यकारिणी ठरवेल. पावत्यांवर, पत्रांवर, ठरावांत सगळीकडे 'सहाय्य' हाच शब्द वापरा. बोलताना लोक 'आमची छोटी पेन्शन' म्हणतात, ते म्हणू द्यावं.

पात्रतेची अट रकमेत लिहा. 'गरजू' हा शब्द पुरेसा नाही, त्यावरून दरवर्षी मनं दुखावतात. 'सर्व मार्गांनी येणारं मासिक उत्पन्न ८,००० रुपयांपेक्षा कमी' अशी रेषा आखली, की अर्ज नाकारतानाही कोणाचा अपमान होत नाही. अर्ज तीनजणांच्या समितीने बघावा. इतिवृत्तात लाभार्थ्याचं नाव न घालता फक्त अर्ज क्रमांक लिहावा. ज्यांनी चाळीस वर्षं गावातली मुलं शिकवली, त्यांची अडचण सभेत वाचून दाखवायची नसते.

महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेची नियमावली आणून तशीच उतरवू नका. तिथला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्त गोव्यात नाहीत. इथली संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निबंधकांकडे नोंदलेली असते.

वर्षाला किती वाटता येईल

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. समजा, कायम निधी ४० लाख, सभासद १२०, वार्षिक वर्गणी ६०० रुपये. ठेवींवर सरासरी साडेसहा टक्के मिळतात आणि अडीच लाख रुपये बचत खात्यात आहेत. वर्षाचं एकूण व्याज साधारण अडीच लाख येतं.

अडीच लाख आले म्हणून अडीच लाख वाटायचे, ही चूक चांगल्या हेतूनेच होते आणि पंधरा वर्षांनी तिचा फटका बसतो. महागाईचं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टच चार टक्के आहे. त्या गतीने आजच्या १,२०० रुपयांची किंमत अठरा वर्षांत अर्धी होते. निधी तेवढाच राहिला तर सहाय्य कागदावर तेवढंच दिसेल, पण त्यातून औषधं अर्धीच येतील. म्हणून नियम करा: मागच्या तीन वर्षांच्या ३१ मार्चच्या शिलकीची सरासरी काढायची आणि तिच्या चार टक्क्यांपर्यंतच वाटायचं. तीन वर्षांची सरासरी घेतल्याने एखाद्या वर्षी मोठी देणगी आली म्हणून रक्कम एकदम फुगत नाही, आणि दर घटले तरी लगेच कापावी लागत नाही.

सरासरी ४० लाख धरली तर चार टक्के म्हणजे १,६०,००० रुपये. अकरा शिक्षकांना दरमहा १,२०० दिले तर वर्षाला १,५८,४०० होतात. बसलं. ऑडिट, टपाल, प्रवास, सभेचा खर्च २५,००० धरा. व्याजातून ६६,६०० उरतात, ते कायम निधीत.

वर्गणीचे ७२,००० वेगळ्या खात्यावर धरा आणि त्यातून सभासद गेल्यावर कुटुंबाला तातडीचं १०,००० सहाय्य द्या. त्यासाठी किती लागेल हे आपल्याच नोंदवहीतून काढायचं. गेल्या पाच वर्षांत सतरा सभासद गेले असतील तर वर्षाला साधारण साडेतीन, म्हणजे ३५,०००. तरतूद मात्र दुपटीची, ७०,००० ची हाताशी ठेवा, कारण मृत्यू सरासरीने येत नाहीत. एकाच पावसाळ्यात पाचजण जाऊ शकतात. उरलेले सरासरी ३७,००० कायम निधीत गेले की एकूण भर १,०३,६०० झाली, म्हणजे २.६ टक्के. चार टक्क्यांना अजून ५६,००० च्या आसपास कमी पडतात. हा आकडा वार्षिक सभेत फळ्यावर लिहून दाखवा. निवृत्त होताना एकरकमी उपदान (ग्रॅच्युइटी) हातात आलेल्या शिक्षकाला त्याच महिन्यात भेटून देणगी मागितली तर ती मिळते. दोन वर्षांनी मागितली तर त्या पैशांतून घर शाकारून झालेलं असतं.

पुढचंही बघून ठेवा. २००५ नंतर पंचविशी-तिशीत लागलेले शिक्षक साधारण २०३५ पासून मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागतील, तेही एनपीएसवर. आज अकरा असलेले अर्ज तेव्हा किती होतील हे नोंदवहीतल्या रुजू तारखांवरून मोजता येतं. नव्या लाभार्थ्याला 'हो' म्हणताना हा तक्ता समोर असू द्या.

ठेवी कशा लावायच्या

संस्थेच्या पैशांना वाटा थोड्याच असतात, आणि ते एका परीने बरंच आहे. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. ८.२ टक्के दर बघून संस्थेचे पैसे स्वतःच्या किंवा अध्यक्षांच्या नावे तिथे ठेवण्याचा मोह होतो. ते कधीही करू नका. व्याज त्या व्यक्तीचं उत्पन्न ठरतं, ती गेली तर पैसे तिच्या वारसांकडे जातात, आणि हिशेबात तो सरळ अपहार दिसतो. बँकेचा ज्येष्ठांसाठीचा अर्धा टक्का जादा दरही संस्थेला मिळत नाही.

राहतात त्या बँकेतल्या मुदत ठेवी. गोव्यात इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही: रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये रद्द केला. दोन्ही ठिकाणी त्याआधी बराच काळ पैसे काढण्यावर निर्बंध होते. ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच आहे. म्हणून मुख्य रक्कम मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. स्थानिक सहकारी बँकेशी जिव्हाळा असेल तर तिथे व्याजासह पाच लाखांच्या आत राहील एवढंच, म्हणजे सव्वाचार-साडेचार लाख. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमाच नाही. संचालक कितीही ओळखीचे असोत, दर कितीही चढा असो, तिथे निधीचा एक रुपयाही नको.

आता रचना. ३७.५ लाखांच्या ३.७५ लाखांच्या दहा ठेवी करा आणि त्यांच्या मुदती अशा लावा की पुढची पाच वर्षं दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये एकेक ठेव पिकेल. जी पिकेल ती पुन्हा पाच वर्षांसाठी टाका. दर चढले-उतरले तरी सगळा निधी एकाच दिवसाच्या दराला अडकत नाही, आणि अचानक गरज पडली तर एकच छोटी ठेव मोडावी लागते. मुदतीआधी मोडल्यास बँका साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापतात. 'मुदतपूर्व काढता न येणारी' ठेव थोडा जास्त दर देते, ती घेऊ नका. आपोआप नूतनीकरणाची खूणही काढून टाका, नाहीतर ठेव पिकली हे कळेपर्यंत ती पुन्हा अडकलेली असते.

दहापैकी किती ठेवींचं व्याज दर तिमाहीला खात्यात घ्यायचं? अकराजणांचं तीन महिन्यांचं सहाय्य ३९,६०० होतं. सात ठेवींचं तिमाही व्याज ४२,६५६ येतं, म्हणजे सात पुरतील असं वाटतं. पण एका बँकेत वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक दहा टक्के कर कापते, तोही दहाही ठेवींच्या व्याजावर. ज्यांचं व्याज हातात येत नाही त्यांच्यावरही. तिमाहीला साधारण ६,०९४ रुपये कापले गेले की हातात ३६,५६२ राहतात आणि तीन हजार कमी पडतात. म्हणून आठ ठेवी तिमाही व्याजाच्या आणि दोन मुदतीअंती व्याजाच्या ठेवा. बचत खात्यातले अडीच लाख हे सहा महिन्यांचं सहाय्य (७९,२००), मृत्यू सहाय्याची तरतूद (७०,०००) आणि वर्षाचा खर्च यांसाठी असतात. तिथे व्याज कमी मिळतं म्हणून ते उचलून ठेवीत टाकू नका.

दर महिन्याची पाच तारीख

तारीख एकच ठेवा आणि ती पाळा. महिन्याची पाच तारीख सोयीची, कारण सरकारी सुट्ट्यांचा घोळ त्यात कमी होतो. चवथ आधी असेल त्या महिन्यात दोन दिवस अलीकडे केली तर घरच्यांना माटोळीचं सामान आणायला उपयोगी पडते. पैसे बँक हस्तांतरणानेच द्या, रोख कधीही नको. नवीन खात्यावर आधी एक रुपया पाठवून लाभार्थ्याला फोन करून मिळाल्याची खात्री करा. खातं शक्यतो त्याच्या एकट्याच्या नावे असावं. मुलासोबतच्या संयुक्त खात्यात गेलेली रक्कम बाईंच्या हातात येते का, हे कोणी सांगत नाही.

हयातीची खात्री वर्षातून दोनदा करा. नोव्हेंबरात सरकारी पेन्शनधारक हयातीचा दाखला देतातच, त्याची किंवा जीवन प्रमाणच्या (डिजिटल हयातीच्या दाखल्याच्या) पावतीची प्रत मागा. ईपीएसवाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो, म्हणून प्रत्येकाची तारीख नोंदवहीत लिहा आणि महिनाभर आधी आठवण करा. तो चुकला की त्यांची पेन्शन थांबते आणि फोन तुम्हालाच येतो. दुसरी खेप मे महिन्यात, प्रत्यक्ष भेटीने. सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतल्या आतल्या वाड्यांवर पावसात जाणं अवघड, म्हणून जूनच्या आधी. दोघांनी मिळून जावं आणि त्यात एक बाई असाव्यात. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याने ओळख पटवणारं जीवन प्रमाण तिथेच मोबाईलवर करून द्या.

याच भेटीत एक बजावून सांगा: संस्था फोनवर कधीही ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. 'पेन्शन थांबणार आहे' असा फोन आला तर काही न सांगता ठेवून द्यायचा आणि तुम्हाला कळवायचं.

सभासद गेल्यावर

ज्या महिन्यात मृत्यू झाला त्या महिन्याचं सहाय्य पूर्ण द्या आणि पुढच्या महिन्यापासून थांबवा. उशिरा कळल्यामुळे एखादा हप्ता जास्त गेला तर तो परत मागायला घरी जाऊ नका; मृत्यू सहाय्यातून वळता करून कुटुंबाला तसं नम्रपणे सांगा.

मृत्यू सहाय्य कोणाला, हे सभासदाने हयातीतच लिहून दिलेलं असावं. नियमावलीत 'नामनिर्देशित व्यक्तीला संस्थेकडून तातडीची मदत' असे शब्द असले तर ती मृताची मालमत्ता ठरत नाही आणि त्याच आठवड्यात देता येते. जुन्या काळी सभासदांकडून परत करायची ठेव घेतली असेल तर मात्र प्रश्न वेगळा. तो पैसा सभासदाचा आहे आणि नाव लावलेली व्यक्ती त्याची मालक होत नाही. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते, म्हणजे निम्मा वाटा हयात जोडीदाराचाच. उरलेल्या निम्म्याचे वारस २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ठरतात. थोरला मुलगा आला, सही केली, पैसे घेऊन गेला असं होऊ देऊ नका. स्पेशल नोटरीकडचं सक्सेशन डीड (वारस कोण ते सांगणारा दस्त) किंवा न्यायालयातल्या इन्व्हेंटरीचा (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या प्रक्रियेचा) आदेश मागा. त्याहून चांगला उपाय म्हणजे अशा सगळ्या ठेवी सभासद हयात असतानाच परत करून तो प्रकार बंद करणं.

हिशेब आणि कर

रोजकीर्द आठवड्यातून एकदा, बँक जुळवणी महिन्यातून एकदा. कायम निधी, सहाय्य खातं आणि मृत्यू सहाय्य खातं ही तीन खाती वहीत वेगळी ठेवा, बँकेत एकच असलं तरी चालेल.

सभासदांची वर्गणी परस्पर सहकार्याच्या तत्त्वामुळे करपात्र धरली जात नाही, पण बँकेचं व्याज हे संस्थेचं उत्पन्न असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंगळुरू क्लबच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे विवरणपत्र भरावंच लागतं, आणि कापलेला कर परत मिळवायचा असेल तर दुसरा मार्गही नाही. आयकर पोर्टलवरच्या वार्षिक विवरणात बँक साचलेलं व्याजही दाखवते. वहीत फक्त हातात आलेलं व्याज लिहिलं असेल तर दोन आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. मुदतीअंतीच्या दोन ठेवींचं व्याज दरवर्षी ३१ मार्चला जमेस धरा. संस्थेच्या पॅनची नोंद प्रत्येक ठेवीवर आहे का ते बघा, नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापले जातात. देणगीवर करसवलतीची पावती मागणारे भेटतील. आयकर खात्याची तशी नोंदणी असल्याशिवाय ती देता येत नाही, आणि केवळ सभासदांच्या मदतीसाठी असलेल्या संस्थेला ती मिळणं कठीण. हे देणगी घेण्याआधीच सांगा.

वार्षिक सभा झाल्यावर चौदा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. हे राहून गेलं की पुढच्या वेळी सह्या बदलताना बँक निबंधकांचा शिक्का असलेली यादी मागते आणि खातं अडकतं. यादीची पोच घेतलेली प्रत मूळ ठेव पावत्यांच्याच फाईलला लावा. ती फाईल कुठे आहे, हे सहखजिनदार आणि अध्यक्ष दोघांनाही ठाऊक असू द्या.